साखर आणि मीठ : आतड्याच्या दारातील दोन सोबती

पावसाळा सुरू झाला की ओढ्या-नाल्यांना गढूळ पाणी येते, विहिरींच्या पाण्याचा रंग पालटतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची संख्या वाढू लागते. अशा वेळी आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्ती बालकाच्या मातेच्या हाती एक लहानशी पुडी देते आणि ती एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजण्यास सांगते. पुष्कळ घरांत त्यावर नाराजीच व्यक्त होते. “हे तर मीठ-साखरेचे पाणी ! याने काय होणार ? एखादे इंजेक्शन द्या, सलाइन लावा,” असा आग्रह धरला जातो. पुडी ताकात तशीच पडून राहते आणि मूल मात्र तासागणिक सुकत जाते.

मीठ-साखरेच्या पाण्याविषयीचा हा अविश्वास दूर करावयाचा असेल, तर ते शरीरात नेमके काय करते, हे समजावून घेणे अगत्याचे आहे. त्याचे उत्तर आपल्या लहान आतड्याच्या पेशींत, साखर वाहून नेणाऱ्या काही प्रथिनांच्या कार्यात दडलेले आहे. ही प्रथिने साध्या डोळ्यांना तर नाहीतच, पण नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाहीत. तथापि त्यांचे कार्य उमगल्यामुळे जगातील कोट्यवधी बालकांचे प्राण वाचू शकले आहेत.

आतड्यातील रोजचा जमाखर्च

निरोगी प्रौढ माणसाच्या आतड्यात दररोज सुमारे आठ ते नऊ लिटर द्रव येतो. यापैकी आपण खाल्लेल्या-प्यालेल्या पदार्थांतून येणारे पाणी केवळ दोन लिटरच्या आसपास असते. उरलेला द्रव लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचा स्राव या रूपाने शरीरच त्यात ओतीत असते. एवढ्या पाण्यापैकी मलावाटे बाहेर जाते ते जेमतेम शंभर ते दोनशे मिलिलिटर. बाकीचे सर्व पाणी आतडे पुन्हा रक्तात परत घेते. म्हणजे आतडे हे केवळ अन्न पचविणारे इंद्रिय नाही, तर शरीरातील पाण्याचा हिशेब राखणारे एक मोठे खातेही आहे.

या कामासाठी आतड्याची रचनाही विलक्षण आहे. त्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेप्रमाणे असंख्य बारीक रसांकुर असतात, आणि रसांकुरांवरील प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर त्याहूनही सूक्ष्म असे केसांसारखे उंचवटे असतात. त्यामुळे शोषणाचा पृष्ठभाग पुष्कळ पटींनी वाढतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार तो सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट भरतो.

साखरेला दार कशासाठी ?

आपण खातो ती साखर, भाकरी-भातातील पिठूळ पदार्थ किंवा दुधातील साखर यांपैकी कोणतीच वस्तू आतडे जशीच्या तशी शोषून घेत नाही. विकरांच्या साहाय्याने त्यांचे लहान तुकडे होतात. भात आणि भाकरी यांच्यापासून ग्लुकोज मिळते. उसाच्या साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होते, तर दुधातील साखरेपासून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळते. हे शेवटचे विघटन पेशीच्या पृष्ठभागावरच, जणू दाराशीच होते.

पण दारापाशी आलेल्या ग्लुकोजला पेशीत सहजासहजी प्रवेश मिळत नाही. पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थाचे बनलेले असते, आणि ग्लुकोज हा पाण्यात विरघळणारा पदार्थ आहे. तेलाच्या थरातून साखर पलीकडे जात नाही, तसेच हे आहे. म्हणून या आवरणात ठिकठिकाणी विशिष्ट प्रथिनांची दारे बसविलेली असतात. शास्त्रज्ञ त्यांना वाहक प्रथिने म्हणतात. कोणत्या पदार्थास आत घ्यावयाचे हे त्या प्रथिनाच्या घडणीवरून ठरते.

ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांना आत घेणाऱ्या प्रमुख वाहकास एस.जी.एल.टी.-१ असे नाव आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो ग्लुकोजला एकट्याने आत येऊ देत नाही. सोबत सोडियम हवे. सोडियम म्हणजे आपल्या मिठाचा एक घटक. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम व क्लोराइड असे विद्युत्भारित कण सुटे होतात. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण असे एकत्र आले, म्हणजेच हे दार फिरते.

उपसा आणि चक्की

सोडियमची ही सोबत कशासाठी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. विहिरीचे खोदकाम चालू असताना तळाशी साचणारे पाणी पंपाने सतत उपसावे लागते. उपसा चालू असेपर्यंत आतील पातळी खाली राहते आणि भोवतालचे झरे आत येण्यासाठी जोर करीत राहतात. आता अशा एखाद्या झऱ्याच्या तोंडाशी लहानशी चक्की बसविली, तर आत येणाऱ्या पाण्याच्या जोरावर ती फिरेल आणि तिच्याकडून काम करून घेता येईल.

आतड्याच्या पेशीत हेच घडते. पेशीच्या मागील म्हणजे रक्ताकडील बाजूस एक प्रथिन अहोरात्र पंपाचे काम करीत असते. ते दर फेरीस सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकते आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेते. त्यासाठी लागणारी ऊर्जा अन्नापासून मिळालेल्या ए.टी.पी. या द्रव्यातून येते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये हा पंप शोधून काढला, आणि त्याबद्दल १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. या अखंड उपशामुळे पेशीतील सोडियम बाहेरच्यापेक्षा पुष्कळच कमी राहते, आणि आतड्याच्या पोकळीतील सोडियम पेशीत शिरण्यास सदैव उत्सुक असते. एस.जी.एल.टी.-१ हे वाहक प्रथिन त्या झऱ्याच्या तोंडाशी बसविलेली चक्की आहे. आत धावणाऱ्या सोडियमच्या जोरावर ते ग्लुकोजलाही आत ओढून घेते. म्हणून आतड्यात ग्लुकोज अगदी थोडे उरले असले आणि पेशीत ते अधिक असले, तरीही शोषण थांबत नाही.

दाराची रचनाही मोठी काटेकोर आहे. मानवी शरीरातील हे प्रथिन ६६४ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असून, ती साखळी पेशीच्या आवरणातून चौदा वेळा आरपार गेलेली असते. तिच्या मधोमध एक पोकळी असते. प्रथम पोकळीचे तोंड आतड्याकडे उघडे असते. त्यात सोडियम बसते, मग ग्लुकोजला जागा होते. दोघे आपापल्या जागी बसले की बाहेरचे तोंड मिटते आणि पेशीकडचे तोंड उघडते. सोडियम व ग्लुकोज आत सुटले की प्रथिन मूळ स्थितीत येते आणि पुढच्या फेरीस सिद्ध होते. दोन्ही तोंडे एकाच वेळी कधीही उघडी नसतात.

आत आलेले ग्लुकोज पेशीच्या मागील बाजूस असलेल्या ग्लुट-२ नावाच्या दुसऱ्या वाहकातून रक्तात उतरते आणि यकृताकडे जाते. सोडियम पंपाद्वारे बाहेर टाकले जाते. फ्रुक्टोजसाठी मात्र ग्लुट-५ हे वेगळे दार आहे, आणि त्यास सोडियमची सोबत लागत नाही. या फरकाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

आता पाण्याचे काय ? पाण्यासाठी शरीरात असा कोणताही पंप नाही. ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूस पाणी आपोआप जाते. शास्त्रीय भाषेत यास तर्षण म्हणतात. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते ते याच नियमाने. सोडियम आणि ग्लुकोज आतड्यातून रक्ताकडे गेले की त्यांच्यामागोमाग पाणीही जाते. साखर मिठाला आत आणते आणि ती दोघे मिळून पाण्याला आणतात, हेच जलसंजीवनीचे रहस्य होय.

शोधाची वाटचाल

साखर आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात, ही कल्पना अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील एका परिषदेत मांडली. त्या वेळी हे प्रथिन कोणी वेगळे करून पाहिले नव्हते. प्रयोगांतील आकड्यांवरून क्रेन यांनी केलेले ते अनुमान होते. १९८७ मध्ये अर्नेस्ट राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या आतड्यातून या प्रथिनाचे जनुक मिळविले, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झाले.

निसर्गानेही या सिद्धांताचा एक पुरावा ठेवला आहे. क्वचित काही बालके हे वाहक प्रथिन सदोष घेऊनच जन्माला येतात. आईचे दूध सुरू होताच त्यांना पाण्यासारखे जुलाब होतात, कारण दुधातील साखरेचे दोन्ही घटक याच दाराने आत जावयाचे असतात. या विकाराचे मूळ जनुकातील दोषात आहे, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ग्लुकोज व गॅलॅक्टोज वगळून फ्रुक्टोजयुक्त आहार दिला, तर ही बालके वाढू शकतात. एक दार बंद असले तरी दुसरे उघडे असते, हे यावरून दिसून येते.

पटकीमध्ये काय बिघडते, काय शाबूत राहते ?

पटकीचे जंतू आतड्याच्या पेशी फाडून आत शिरत नाहीत. ते पृष्ठभागावर राहून एक विष सोडतात. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये या विषाचे अस्तित्व प्रयोगाने दाखवून दिले. हे विष पेशीत शिरले की क्लोराइड बाहेर सोडणारी दारे सताड उघडी राहतात. क्लोराइडपाठोपाठ सोडियम आणि त्यामागून पाणी आतड्यात लोटू लागते. तीव्र पटकीच्या रुग्णाच्या शरीरातून तासाला अर्धा ते एक लिटर द्रव जाऊ शकतो. मल तांदळाच्या धुवणासारखा होतो, डोळे खोल जातात, नाडी क्षीण होते, आणि वेळीच उपचार न झाल्यास काही तासांत मृत्यू ओढवतो.

या धुमश्चक्रीत एक गोष्ट मात्र शाबूत राहते. साखर आणि सोडियम यांना जोडीने आत घेणाऱ्या दाराला हे विष स्पर्श करीत नाही. रुग्णाला नुसते पाणी पाजले, तर ते बव्हंशी वाहून जाते. नुसते मीठ घातलेले पाणी दिले, तरी ते पुरेसे शोषले जात नाही. पण मिठासोबत योग्य प्रमाणात साखर असली, तर ते दार फिरू लागते आणि पाणी रक्तात परत येते. १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांना असे द्रावण तोंडाने देऊन शिरेवाटे द्यावयाच्या सलाइनची गरज मोठ्या प्रमाणात कमी करता येते, हे दाखवून दिले.

बनगाव येथील कसोटी

रुग्णालयात सिद्ध झालेल्या या उपायाची खरी कसोटी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे लागली. त्या वर्षी तत्कालीन पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून भारतात येत होते. छावण्यांमध्ये पटकीची साथ पसरली. बनगावच्या रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडून रुग्ण जमिनीवर ठेवावे लागले आणि सलाइनचा साठा संपत आला.

तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशा वेळी एक धाडसी निर्णय घेतला. दर लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण त्यांनी तयार करविले. द्रावण नळ बसविलेल्या पिंपांत भरून ठेवण्यात आले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पाजावे, अशी व्यवस्था करण्यात आली. अशा रीतीने तीन हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. पूर्वी मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या घरात होते. ते शेकडा ३.६ पर्यंत खाली आले.

या अनुभवाचे महत्त्व केवळ आकड्यांत नाही. प्रशिक्षित डॉक्टर आणि निर्जंतुक सुई यांच्यावाचूनही, आई, बहीण किंवा शेजारी आपल्या हातांनी रुग्णाचा जीव वाचवू शकतात, हे बनगावने सिद्ध केले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने साखर व सोडियम यांच्या जोडप्रवासाचा शोध हा विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा आशयाचा अभिप्राय दिला. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

१९८० च्या सुमारास जगात पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख बालके दरवर्षी अतिसाराने दगावत, असा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ही संख्या ४ लाख ४४ हजारांच्या आसपास आली आहे. स्वच्छ पाणी, लसीकरण आणि सुधारलेले पोषण यांचा या यशात वाटा आहेच. परंतु जलसंजीवनीचा वाटाही फार मोठा आहे.

प्रमाणाला महत्त्व का ?

दाराचे कार्य लक्षात घेतले, म्हणजे जलसंजीवनीत प्रमाणाला एवढे महत्त्व का दिले जाते, हे सहज पटेल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून पुरस्कारलेल्या मिश्रणात एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. या द्रावणात सोडियम व ग्लुकोज यांच्या कणांची संख्या समसमान राहते, आणि एकंदर द्रावण रक्तापेक्षा किंचित सौम्य असते. त्यामुळे तर्षणाच्या नियमानुसार पाण्याचा ओघ रक्ताकडे राहतो. पूर्वीचे मिश्रण याहून तीव्र होते. नव्या मिश्रणाने सलाइन लावण्याची गरज सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचे आढळून आले.

साखर जास्त झाली तर काय होईल ? दारांची संख्या मर्यादित असल्याने जादा साखर आतड्यातच पडून राहते आणि उलट शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब वाढतात. बाटलीबंद गोड पेये आणि डबाबंद फळांचे रस अतिसारात देऊ नयेत, ते याच कारणासाठी. मीठ जास्त झाले, तर रक्तातील सोडियम वाढून लहान बालकास झटके येण्याचा धोका असतो. बाजारातील काही गोड पेयांच्या नावात ‘ओ.आर.एस.’ ही अक्षरे वापरली जात असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा वापरास मनाई केली. खरेदी करताना वेष्टनावरील घटक व प्रमाण वाचून पाहणे इष्ट होय.

पुडी उपलब्ध नसल्यास घरीही तात्पुरते द्रावण तयार करता येते. एक लिटर स्वच्छ, शक्य तर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. साध्या साखरेपासून निम्मेच ग्लुकोज मिळते. उरलेल्या निम्म्या भागाचे फ्रुक्टोज होते आणि ते सोडियमला सोबत नेत नाही. म्हणून येथे साखरेचे वजन ग्लुकोजपेक्षा अधिक घ्यावे लागते. आपल्या घरोघरी आजाऱ्याला दिली जाणारी मीठ घातलेली तांदळाची पेजही उपयुक्त आहे. तांदळातील पिठूळ पदार्थापासून ग्लुकोज हळूहळू सुटे होते, त्यामुळे द्रावण एकदम तीव्र होत नाही.

एक गैरसमज

जलसंजीवनी सुरू केल्यावर जुलाब ताबडतोब थांबत नाहीत. याच ठिकाणी पुष्कळ मातांचा धीर सुटतो आणि औषध लागू पडत नाही, असे समजून त्या ते बंद करतात. जलसंजीवनीचे काम जुलाब थांबविणे हे नसून, जुलाबावाटे गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हे आहे. आतड्याच्या पृष्ठभागावरील पेशी तीन ते पाच दिवसांत नव्याने तयार होतात. तोपर्यंत शरीरातील पाणी टिकवून धरले, म्हणजे बहुतेक रोगी बरे होतात. जलसंजीवनीसोबत १४ दिवस जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या दिल्याने आजाराचा कालावधी व तीव्रता कमी होते. सहा महिन्यांवरील बालकास दररोज २० मिलिग्रॅम, तर दोन ते सहा महिन्यांच्या बालकास १० मिलिग्रॅम, अशी मात्रा आहे.

जुलाब होत असताना पाणी तोडावे, ही जुनी समजूत तर प्राणघातक आहे. आईचे दूध व नेहमीचा हलका आहार चालू ठेवावा. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्रावण चमच्याने किंवा घोटाघोटाने द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरुवात करावी. तयार केलेले द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, मूल मलूल होऊन पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचावाटे रक्त पडू लागले, तर विलंब न लावता आरोग्य केंद्रात न्यावे.

गावाची जबाबदारी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील अतिसार झालेल्या पाच वर्षांखालील बालकांपैकी शेकडा सुमारे ६१ बालकांनाच ही पुडी मिळाल्याचे, आणि झिंक तर शेकडा सुमारे ३० बालकांनाच मिळाल्याचे आढळले. उपाय स्वस्त आहे, सिद्ध आहे आणि गावापर्यंत पोहोचलेला आहे. उणीव आहे ती त्याच्यावरील विश्वासाची आणि वेळेवर वापराची.

ती भरून काढण्यात ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांना पुष्कळ काही करता येईल. पावसाळ्यापूर्वी अंगणवाडीत आणि आशा कार्यकर्तीकडे पुड्यांचा पुरेसा साठा आहे काय, याची पाहणी मासिक सभेत व्हावी. टी.सी.एल. पावडरचा साठा आणि जलसुरक्षकाकडून होणारे पाण्याचे शुद्धीकरण यांकडेही तितकेच लक्ष पुरवावे, कारण रोगच न होऊ देणे हा सर्वांत चांगला उपाय होय. शाळांतून विज्ञानाच्या तासाला एक लिटरचे भांडे आणि चहाचा चमचा घेऊन मुलांच्या हातांनी हे द्रावण तयार करवून घ्यावे, आणि साखर व मीठ यांच्या सोबतीची ही हकीकत त्यांना सांगावी. मुले ती घरी नेतील. मग एखाद्या रात्री, रस्ता पाण्याखाली गेला असताना आणि दवाखाना दूर असताना, धाकट्या भावंडाला जुलाब सुरू झाले, तर काय करावयाचे हे त्या घरात कोणाला तरी ठाऊक असेल.